हा कोट नाही

उंच इमारतीच्या पायथ्याशी एक म्हातारी उभी असते. मान मागे टाकलेली, डोळ्यांवर हाताचं छप्पर, तोंड अर्धवट उघडं. वर काचा पुसणारे पाळण्यातून लोंबत असतात. ते जेवायला खाली उतरले की ही सरळ त्यांच्यापाशी जाते, हात पुढे करते आणि म्हणते, "बघू." एवढंच. मग त्यांच्या कमरेचा पट्टा हातात घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवते, शिवण उन्हाकडे धरते, एक डोळा मिटून बघते आणि पट्टा परत देते. ना आभार, ना माफी. नवे कामगार फिदीफिदी हसतात. जुने मुकाट्याने पट्टा सोडून तिच्या हातात ठेवतात, कारण त्यांना तिची हकिगत माहीत आहे.

लोक तिला वेडी म्हणतात. म्हणेनात का! एखाद्याला वेडं ठरवून टाकलं की त्याचं पुढचं ऐकून घ्यावं लागत नाही, केवढी सोय. ती वेडी नाही. दात गेलेत, गुडघे गेलेत, डोकं जागच्या जागी आहे.

कारखान्यात तिला टाचणीबाई म्हणत. तिच्या कॉलरला सदा टाचण्यांची रांग खोचलेली असे. कोणी प्रेमाने मिठी मारायला गेलं असतं तर रक्तबंबाळ होऊन परतलं असतं. तसं कोणी जात नसे, तो भाग वेगळा.

तो शिवणकामाचा कारखाना होता. लांबलचक शेड, छताला काचा, दोन्ही बाजूंनी यंत्रांच्या रांगा, आणि टोकाला एक चौथरा. चौथऱ्यावर टेबल, पाठीला उंच फळी असलेली लाकडी खुर्ची, आणि टेबलावर फट पाडलेली एक पेटी. त्या खुर्चीत आधी मोठ्या बाई बसत. टाचणीबाई पोरसवदा असताना कामाला लागली ती त्यांच्या हाताखाली. तेव्हा तिथे कोट शिवले जात.

मोठ्या बाईंनी एक रीत पाडली होती. चूक तोंडाने सांगायची नाही, लिहून द्यायची. यंत्रांचा आवाज एवढा, की बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की चूक एकीची आणि शोभा सगळ्यांसमोर. "जिची चूक तिच्यापुरती," मोठ्या बाई म्हणत. म्हणून चार बोटं रुंदीची चिठ्ठी. कुठे चुकलं, काय चुकलं, काय करायचं, बस्स. चिठ्ठी टाचणीने नेमकी चुकीच्या जागी टाचायची. जिचं काम तिने उसवायचं, पुन्हा शिवायचं, चिठ्ठी उलटून मागे 'केले' असं लिहून पेटीत टाकायची. संध्याकाळी मोठ्या बाई पेटी उघडत आणि सगळ्या चिठ्ठ्या शेडमागे पत्र्याच्या डब्यात जाळून टाकत. चूक सुधारली की तिचा कागद ठेवायचा नाही, मढं उकरत बसायचं नाही, असा त्यांचा खाक्या. साहेबांनी एकदा त्या चिठ्ठ्या मागितल्या, पगारवाढीच्या वेळी कोणाच्या किती चुका ते बघायला. मोठ्या बाईंनी त्यांना राखेचा डबा नेऊन दिला.

त्या जांभळ्या पेन्सिलीने लिहीत. ओली केली की शाईसारखी उमटते ती पेन्सिल. टोक जिभेला लावून लिहायची सवय, त्यामुळे खालचा ओठ कायम जांभळा. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाईला कोणी मारलंय.

टाचणीबाईला मिळालेली पहिली चिठ्ठी होती, "डावी बाही उजवीपेक्षा मोठी. गिऱ्हाईकाचे दोन्ही हात सारखे असतात. उसवा, पुन्हा शिवा." ती रडली, उसवलं, पुन्हा शिवलं. आणि मग तिला कळलं, की दुसऱ्यांदा शिवलेली बाही पहिल्यापेक्षा देखणी बसली होती. झालं. हा धडा तिच्या हाडीमाशी खिळला. उसवलं की सुधारतं. माणसाला एकदा एक खरं सापडलं, की तो ते सगळीकडे लावत सुटतो, त्यातलीच गत.

घरी तिच्या पदरात एक धाकटा भाऊ होता. आईबाप एकापाठोपाठ गेले आणि शाळकरी भाऊ हिच्यावर आला. बारक्या म्हणत त्याला, आणि पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका उंच झाला तरी बारक्याच राहिला. त्यालाही ती चिठ्ठ्या देई. सकाळी उठावं तर उशीला टाचलेली, "कान धुतले नाहीत. पुन्हा." गणिताच्या वहीला, "शून्याला शेपूट नसते. पुन्हा." तोही बेटा मागे 'केले' लिहून तिच्या चपलेत ठेवायचा. लग्न झालं त्याचं, बायको आली, तरी ही चालूच. भावजय खमकी होती. पहिल्याच आठवड्यात दुधाच्या पातेल्याला चिठ्ठी दिसली, "झाकण तिरके." तिने मागे लिहिलं, "मांजर आंधळे आहे," आणि परत टाचली. टाचणीबाई वर्षभरात पहिल्यांदा हसली म्हणतात.

बारक्याचं काम उंच इमारतींच्या काचा पुसण्याचं. पाळण्यात उभं राहून, पट्ट्याच्या जोरावर बाहेर झुकायचं आणि कोपऱ्यातला डाग गाठायचा. बहिणीला ते आवडत नसे. पण सांगते कोणाला, पोट सगळ्यांनाच आहे.

मोठ्या बाई गेल्या त्या कामावर असतानाच. दुपारी खुर्चीत बसल्या होत्या, बसल्या जागी मान कलली. शेवटच्या वेळी टाचणीबाईनेच त्यांच्या हातात ती जांभळी पेन्सिल ठेवली, आणि मूठ मिटली. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या खुर्चीत बसू लागली. पेन्सिल मात्र तिने साधी काळी घेतली. "नक्कल नको," म्हणाली.

काही वर्षांनी कोटांचं काम बंद पडलं. तयार कोट बाहेरून स्वस्तात येऊ लागले. साहेबांनी नवं काम आणलं. उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे. खांबांवर चढणारे, रंगारी, काचा पुसणारे, यांच्या कमरेला बांधायचे. यंत्रं बदलली, सुया जाड आल्या, कापडाच्या जागी रुंद, कडक, विणलेली पट्टी आली. आणि साहेबांनी मागच्या आवारात पट्टा ताणून बघायचं एक यंत्र बसवलं. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला चाक, वर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर एक लाल रेघ. त्यावर एक माणूस नेमला. त्याला सगळ्या खेचकाका म्हणत. दर गठ्ठ्यातला एखादा नवा शिवलेला पट्टा तो खेचून बघे. काटा लाल रेघेपलीकडे गेला की गठ्ठा पास.

सगळं बदललं, पण रीत तीच राहिली. टाका रांगेबाहेर गेला की चिठ्ठी. उसवा, पुन्हा शिवा. आणि दुरुस्त झालेला पट्टा खेचकाकाकडे जात नसे. कशाला जायचा? तो तर बाईंनी स्वतः नजरेखालून घातलेला! त्याच्याइतकी खात्री कोणाची? कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. साहेबांना नाही, खेचकाकाला नाही, टाचणीबाईला तर नाहीच नाही.

बारक्यासाठी तिने पट्टा करवून घेतला तो डावरीकडून. डावरी म्हणजे डाव्या हाताने काम करणारी, जिभेने दोन्ही हातांची. तिच्यासारखी शिवण कोणाची नव्हती. तरी टाचणीबाईने तिला सळो की पळो केलं.

"बाई, आता काय राहिलं?" डावरी चौथऱ्यापाशी येऊन ओरडली. "भावाचा पट्टा आहे की भावजयीचा दागिना?"

टाचणीबाईने चिठ्ठी पुढे केली. "शेवटचा टाका आखूड. उसवा, पुन्हा शिवा."

"या पट्टीला जीभ असती ना बाई, तर तिने तुम्हाला शिव्या घातल्या असत्या."

पण उसवलं. पुन्हा शिवलं. पुन्हा चिठ्ठी आली, पुन्हा उसवलं. शेवटी पट्टा असा झाला की कोणी काचेच्या कपाटात ठेवावा. बारक्याने कमरेला बांधला, बायकोपुढे एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "ताईने पास केलाय. आता मी पडलो तर माझीच चूक."

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. जेवणाची सुट्टी संपवून टाचणीबाई चौथऱ्यावर आली आणि खुर्चीत बसली, तर बसायची जागा ऊबदार लागली. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. तिने आजूबाजूला पाहिलं. बायका अजून नळावर डबे विसळत होत्या. टेबलावर तपासायचे पट्टे पडले होते. वरच्या पट्ट्याला चिठ्ठी टाचलेली होती.

तिने टाचलेली नव्हती.

"हे कोणी उसवले?"

अक्षर जांभळं होतं. 'क'ला उगाच एक लांब शेपटी, आणि प्रश्नचिन्हाखालचा ठिपका कागद फाटेल इतका दाबलेला. ते अक्षर तिने आयुष्यात दुसऱ्या कोणाच्याच हातून उतरलेलं पाहिलं नव्हतं. कागदाला नाक लावलं तर ओल्या पेन्सिलीचा कडवट वास आला. अक्षर अजून ओलं होतं.

तिने जे केलं ते तिथल्या बायका पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या. ती उभी राहिली आणि तोंडाने बोलली. इतकी वर्षं न वापरलेला आवाज, तो गंजलेल्या कडीसारखा निघाला.

"ही थट्टा कोणी केली?"

नळावरचे डबे एकेक करून वाजायचे थांबले. शेडमध्ये इतकी शांतता त्यांनी मोठ्या बाई गेल्या त्या दुपारनंतर ऐकली नव्हती.

"कसली थट्टा, बाई?" गुणगुणी म्हणाली. ती सतत काहीतरी गुणगुणत असे, ते गुणगुणणंही थांबलं.

चिठ्ठी हातोहात फिरली. ज्या जुन्या होत्या त्यांनी वाचली आणि पटकन पुढच्या हातात दिली, भाजल्यासारखी.

डावरी म्हणाली, "बाई, आमच्यात एवढं धारिष्ट असतं तर पगारवाढ नसती मागितली?"

कोणी हसलं नाही. टाचणीबाई खाली बसली. आता, मिळालेल्या चिठ्ठीला उत्तर न देणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने चिठ्ठी उलटली, मागे "मी" असं लिहिलं आणि पेटीत टाकली. संध्याकाळी जाळायला पेटी उघडली तर ती एक चिठ्ठी सोडून बाकीच्या सगळ्या होत्या.

दुसरी चिठ्ठी आली तीही उसवून शिवलेल्याच पट्ट्यावर. "हा कोट नाही."

यावर ती चिडलीच. कोट नाही हे आंधळ्यालाही दिसतं! हे काय मार्गदर्शन झालं? मोठ्या बाईंनी जन्मात अशी बिनकामाची चिठ्ठी लिहिली नव्हती. कुठे, काय आणि काय करायचं, तिन्ही असायचं. इथे धड एकही नाही. तिने चिठ्ठी चुरगाळली. हाताला जांभळा डाग लागला, साबणाने गेला नाही. पण आता खुर्चीत टेकायच्या आधी ती बसायची जागा हाताने चाचपू लागली. आणि जागा ऊबदार असेल तर उभ्यानेच काम करी. डावरीने गुणगुणीला कोपराने ढोसून दाखवलं, आणि दोघीही बघायचं टाळू लागल्या.

मग एका सकाळी ती निघायच्या तयारीत होती तेव्हा भावजय हात पुसत आली.

"वन्सं, ही तुमची चिठ्ठी. त्यांचा पट्टा असतो त्या खुंटीखाली पडली होती. पट्ट्याला टाचलेली असेल, घाईत सुटली. तुम्ही रंगीत पेन्सिल कधीपासून घेतली?"

जांभळ्या अक्षरात लिहिलं होतं, "हाही नाही."

टाचणीबाईने खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. "गेला तो?"

"केव्हाच. आज ती नवी काचेची इमारत आहे ना, बाजारामागची. आणि वन्सं, तुमच्या ओठाला काय लागलंय?"

ती जवळजवळ पळतच कारखान्यात गेली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. चिठ्ठी आली की जिच्यावर आली ती वस्तू हातात घेऊन बघायची, एवढीच तिची शिस्त, आणि त्या शिस्तीनेच तिला आधी टेबलापाशी नेलं. ज्याच्यावर "हा कोट नाही" आली होती तो पट्टा तिने बाजूला ठेवला होता. देखणा, सरळ, रांगेत बसलेले टाके. ती तो घेऊन खिडकीशी गेली, कात्रीच्या टोकाने शिवणीचा थोडा दोरा ओढून काढला आणि पट्टी उन्हात धरली.

ऊन पलीकडून आलं. एका भोकातून नाही, भोकांच्या गर्दीतून. पहिल्या शिवणीची भोकं, तिच्या शेजारी दुसरीची, मध्ये तिसरीची. लोकर भरून येते, कोटाच्या कापडाचं भोक चार दिवसांत बुजतं. ही पट्टी लोकर नव्हती. जाड सुई एकदा आत गेली की तिथला धागा कायमचा तुटत होता. वरून सुंदर टाके होते आणि खाली चाळण.

ती मागच्या आवारात गेली. खेचकाका वर्तमानपत्र वाचत होता.

"हा खेचा."

"हा? बाई, हा उसवलेल्यातला दिसतोय. उसवलेले इकडे कधी येत नाहीत. तुम्ही पास केलेले असतात ना."

"खेचा म्हणते ना!"

त्याने आकडा अडकवला, चाक फिरवलं. काटा हलला, चढू लागला, आणि लाल रेघ अजून बरीच लांब असताना एक आवाज झाला. मोठा नव्हे. टपालाची तिकिटं असतात ना जोडलेली, त्यातलं एक सोडवावं तसा, चर्र्र, भोकाभोकाच्या रांगेवरून सरळ. पट्ट्याचे दोन तुकडे झाले.

खेचकाका बघतच राहिला. "असं कसं झालं? दुरुस्त केलेला होता हो!"

टाचणीबाई फाटकातून बाहेर पडली होती.

बारक्याला फोन करून उपयोग नव्हता. वर चढताना फोन खालच्या पेटीत ठेवायचा असा त्यांचा नियम, निसटला तर खाली कोणाचं तरी डोकं फुटायचं. ती पळाली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, बाजारातून भाजीच्या टोपल्या चुकवत. इमारतीखाली उभी राहून वर पाहिलं तेव्हा बारक्या पाळण्यात दिसला, मुंगीएवढा. मुंगी मागे झुकली, पाठ आभाळाकडे, सगळा भार कमरेवर, आणि हात लांब करून कोपरा पुसू लागली.

तिने हाक मारली. हाक आलीच नाही. सगळं आयुष्य लिहून काढलेल्या बाईच्या घशातून जे निघालं ते दारावरच्या रखवालदारालाही ऐकू गेलं नाही.

"कोणाला भेटायचंय, आजी?"

"पाळणा... पाळणा खाली घ्या!"

"ते छपरावरचे लोक बघतात. मुकादम चहाला गेलाय. बसा तुम्ही."

बसायला ती आली नव्हती. तिने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि लिफ्टमध्ये शिरली. तो कितव्या मजल्यावर आहे ते तिने खालून नुसतं बघून ओळखलं होतं, आणि बरोबर ओळखलं होतं. वर एक कचेरी होती, माणसं मान खाली घालून काम करत होती. ती त्यांच्या टेबलांमधून थेट काचेपाशी गेली. काचेपलीकडे, हातभर अंतरावर, तिचा भाऊ होता. काचेवर साबणाचा फेस होता आणि फेसातून तो धूसर दिसत होता, भार पट्ट्यावर टाकून निवांत, खाटेवर रेलल्यासारखा.

त्याने तिला पाहिलं आणि खूश होऊन हसला. मग लहानपणीसारखं तोंड वेडावून काचेवरच्या एका डागाकडे बोट केलं, म्हणजे, "हा राहिला का? पुन्हा करू?" आणि तो डाग गाठायला आणखी मागे झुकला.

तिने खिशात हात घातला. चिठ्ठी लागली, पेन्सिल लागली. टोक जिभेला लावून तिने लिहिलं, "पट्ट्यावर भार नको. पाळण्यात खाली बस," आणि कागद काचेवर दाबून धरला.

बारक्या हसतच होता. फेसावरून त्याने हात फिरवला, पण भलत्याच जागी. आणि मग त्याचं हसू गेलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, कागदाकडेही बघत नव्हता. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. शाळेतल्या पोराला बाईंनी बोट दाखवून बसवावं तसा तो खाली बसला, दोन्ही हातांनी पाळण्याची कड घट्ट धरून. बसल्यावर सवयीने त्याने पट्ट्याला एक हिसका दिला, आणि पट्ट्याचं टोक त्याच्या कमरेवरून सुटून हातात आलं. काचेमुळे आवाज ऐकू आला नाही. टाचणीबाईला तो आला.

तिने मागे वळून पाहिलं. कचेरीतली माणसं आता तिच्याकडे बघत होती. तिच्या पाठीमागे खुर्ची होती एक, रिकामी. तिने जाऊन बसायच्या जागी हात ठेवला. ऊबदार.

पाळणा वर ओढून त्याला छपरावर घेतलं. संध्याकाळी घरी तो बसला होता, भावजय त्याच्या बाहीला घट्ट धरून.

टाचणीबाई म्हणाली, "चिठ्ठी वाचलीस म्हणून बरं. नाहीतर..."

"कोणती चिठ्ठी? ताई, त्या साबणात अक्षरं कुठली दिसायला! तुझ्यामागे त्या बाई उभ्या होत्या ना, त्यांनी बोट दाखवलं, बस म्हणून. अशा बघत होत्या की मी बसलोच. कोण गं त्या? तुमच्या कारखान्यातल्या का? ओठाला काय लावलं होतं त्यांनी?"

भावजय उठली, तिने रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं आणि नणंदेपुढे धरलं. "पुसा, वन्सं. सकाळपासून तसंच आहे."

टाचणीबाईने ओठ पुसला. रुमाल जांभळा झाला. मग तिने खिशातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. काळीच होती. नेहमीची.

पुढचं सांगून टाकते. साहेब भला माणूस निघाला, त्याने पट्टे परत मागवले. पण कोणते मागवायचे? उसवून शिवलेले कोणते आणि एकदाच शिवलेले कोणते, हे सांगणारा एकूण एक कागद रोज संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात जळाला होता. चूक सुधारली की तिचा कागद ठेवायचा नाही! म्हणून सगळेच मागवले. पुष्कळ आले, पुष्कळ आले नाहीत. कोणी दुसऱ्याला विकले होते, कोणी काम सोडून गेले होते, कोणाला पत्रच मिळालं नाही. आलेले पट्टे टाचणीबाईने एकेक करून कापले. डावरी शेजारी उभी राहून तुकडे गोळा करत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बाई, शिवलं मी होतं."

"उसवायला मी सांगितलं होतं," टाचणीबाई म्हणाली.

तिने खुर्ची सोडली. शिवणखान्यात नवी तपासनीस आली, तिने नियम केला की पट्ट्यात चूक झाली तर पट्टा फेकायचा. नवी बाई खुर्ची मात्र बदलून घेऊन बसते. का, ते सांगत नाही.

आणि टाचणीबाईला चिठ्ठ्या येतात. कधी उशीला, कधी पिशवीला, कधी बाहीच्या आत जिथे आपला हात पोचत नाही अशा जागी. दर वेळी तेच अक्षर, ओलं. "अजून आहेत." ती मागे लिहिते, "शोधते." मग कोट अंगावर चढवते आणि निघते. कोणत्या इमारतीवर पाळणा चढलाय हे तिला बरोबर कळतं.

परवाही ती गेली होती. एक नवा काच पुसणारा खाली उतरला, गळ्यात फडका, तोंडात शीळ.

"बघू," ती म्हणाली.

"काय बघू, आजी? लग्नाची मुलगी आहे का घरात?" त्याच्या सोबत्यांना हसू फुटलं.

तिने पट्टा हातात घेतला. जुना होता, कोणाकडून तरी आलेला. शिवण सुरेख होती, टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. तिने तो उन्हाकडे धरला, एक डोळा मिटला, आणि टाक्यांमधल्या भोकांतून ऊन आलं. मग खिशातून कात्री काढली आणि कोणाला काही कळायच्या आत पट्टा मधोमध कापला.

"अहो! अहो, माझा पट्टा! काय केलंत हे?"

"कोट असता तर शिवून दिला असता," ती म्हणाली, नव्या पट्ट्याचे पैसे त्याच्या हातात कोंबले आणि चालू लागली.

घरी भावजय दारातच होती. तिच्या हातात ओला रुमाल तयार होता, आता तो रोजचाच.

"मिळाला?"

"मिळाला."

"मग संपले असतील वन्सं, आता तरी?"

टाचणीबाईने मान वळवली तशी कॉलरपाशी काहीतरी टोचलं. कॉलरला टाचण्या खोचणं तिने कधीच सोडलंय. तिने मागे हात नेला, बोटांना कागद लागला. तिने तो काढला नाही.

"आधी चहा टाक," ती म्हणाली.